फिलाडेल्फिया, १७८७: डागडुजीला बोलावलं आणि घरच पाडलं?

वाटसरू: १७८७च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेव्हाच्या तेरा राज्यांच्या मध्यवर्ती सभेने, फिलाडेल्फियाच्या बैठकीला होकार दिला तो फक्त त्या राज्यांना बांधणाऱ्या जुन्या करारात दुरुस्त्या सुचवण्यापुरता. ही मंडळी मात्र बाहेर ब्र काढायचा नाही या बोलीवर दारं लावून जवळजवळ चार महिने बसली आणि सप्टेंबरात नवी कोरी राज्यघटनाच घेऊन उठली. जुना करार बदलायला तेराही राज्यांची संमती लागायची. यांनी परस्पर ठरवलं, नऊ पुरेत. निकाल चांगला लागला असेल, पण ही बळकावणीच.

खडूस काका: अहो, त्या करारात जीव तरी होता का? काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नाही! राज्यांपुढे झोळी पसरायची, दिलं तर दिलं. आयात मालावर पाच टक्के जकात लावू म्हटलं, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने मोडता घातला. १७८३च्या जूनमध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी सभागृहाला वेढा घातला आणि काँग्रेसने प्रिन्स्टन गाठलं. तेराही राज्यांची वाट बघत बसले असते तर अजून बसलेच असते.

वाटसरू: पगार थकले ना? मग ज्यांचे थकले त्यांचं बोला. बंडखोर शेतकऱ्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. कर-कर्जापायी जमिनी जायला लागल्या, तेव्हा १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कोर्टं बंद पाडायला निघाले. त्यांना मोडायला बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरच्या पैशाने फौज उभी केली. फिलाडेल्फियातले ५५ जण कोण? बहुतेक वकील, व्यापारी, मळेवाले.

मधली आळी: मळ्यांवरून आठवलं. नव्या घटनेत कुठल्या राज्याचे किती प्रतिनिधी हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं! मत गुलामाला नाहीच, पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याच्या जागा वाढल्या. वर १८०८पर्यंत काँग्रेसने गुलामांची आयात रोखायची नाही. तुम्ही दोघं नऊ की तेरा यावरच अडलाय.

खडूस काका: ते कलम लाजिरवाणंच, त्यावर वाद नाही. पण वाटसरू, बळकावायचंच असतं तर राज्याराज्यांत निवडून दिलेल्या सभांपुढे कशाला गेले असते? व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कात ३० विरुद्ध २७. थोडक्यात वाचले.

वाटसरू: आणि तुमचं ते ऱ्होड आयलंड? ३४ विरुद्ध ३२, तेही मे १७९० मध्ये, त्याच्याशी व्यापार तोडायचं विधेयक नव्या काँग्रेसच्या सेनेटने मंजूर केल्यावर. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं!

खडूस काका: बरं, ती धमकी होती. नऊचं गणित मात्र मी सोडत नाही.