मदत हवी आहे: इम्पिडन्स कार्डिओग्राफीचं यंत्र घ्यायचंय, अमेरिकेचं '५१० के' पत्र इथे पुरतं का?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचं छोटं रुग्णालय आहे. हार्ट फेल्युअरचे पेशंट बरेच. पायाला सूज आली, रात्री धाप लागली, की गोळ्या वाढवायच्या की वर पाठवायचं हे पटकन ठरवावं लागतं. वर म्हणजे घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळी. जुलैत दरड आली की घाटही बंद. म्हणून हे यंत्र पाहिल्यापासून मन त्याच्यावर बसलंय.

मान आणि छातीला इलेक्ट्रोड लावून अगदी सौम्य, जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट सोडतात. रक्तातून तो सहज जातो, त्यामुळे ठोक्यासरशी महाधमनीत रक्त आलं की छातीचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) किंचित घटतो. त्यावरून एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडलं याचा अंदाज येतो. कुठे टोचायला लागत नाही. आपल्या बीएआरसीनेही (भाभा अणुसंशोधन केंद्र) या तत्त्वावर यंत्रं बनवली आहेत, त्यामुळे तंत्राबद्दल शंका नाही.

शंका कागदांची आहे. विक्रेता 'एफडीए अप्रूव्ह्ड' (एफडीए म्हणजे औषधं-उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था) म्हणाला आणि हातात ५१० केचं पत्र दिलं. ते अप्रूव्हल नाही, क्लिअरन्स आहे: बाजारात कायदेशीर असलेल्या आधीच्या यंत्राशी हे पुरेसं समतुल्य आहे, एवढंच ते सांगतं. तिकडे इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफ, म्हणजे याच जातीचं यंत्र, दुसऱ्या (मध्यम धोक्याच्या) वर्गात येतो. पण आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, त्यात धोक्याप्रमाणे ए (सर्वात कमी) ते डी (सर्वात जास्त) असे वर्ग आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ए-बी (ए मधली काही साधी उपकरणं सोडून) आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सी-डी वर्गालाही परवाना सक्तीचा झालाय. आयातीचा परवाना लागतो तिथे तो वर्ग कुठलाही असो केंद्राकडूनच मिळतो, म्हणजे एमडी-१५ नमुन्यातला आयात परवाना हवा. विकणाऱ्याकडे एमडी-४२ ही विक्रीची नोंदणी (किंवा औषधविक्रीचा परवाना) हवी. दोन्ही मागितले तर "येईल हो डॉक्टर, प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मिळालं. हे मला पटलेलं नाही. उद्या आकडा चुकला आणि त्यावर मी गोळी बदलली, तर जबाबदारी माझी.

ज्यांनी असं यंत्र घेतलंय त्यांनी कृपया सांगा. आपल्याकडे हे बी वर्गात धरलं गेलं की सी? एमडी-१५ वर नेमका तोच मॉडेल नंबर आहे का, हे तुम्ही कसं पडताळलंत?

आणि वापराबद्दल. काही पेसमेकर श्वासाच्या गतीप्रमाणे ठोके वाढवतात, तेही छातीचा इम्पिडन्स मोजूनच. अशा पेशंटवर हे यंत्र वापरू नये हे मला माहीत आहे, पण जुनं पेसमेकर कार्ड हरवलेलं असेल तर तुम्ही काय करता? फुफ्फुसाभोवती पाणी असलं की आकडा बिघडतो, आणि माझे निम्मे पेशंट तसेच येतात. मे महिन्यात घामाने ईसीजीचे इलेक्ट्रोडसुद्धा निसटतात, तिथे या यंत्राच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या टिकतात का?

विक्रेता मंगळवारी ॲडव्हान्सचा चेक घ्यायला येणार आहे. त्याआधी कोणी अनुभवी बोललं तर फार बरं होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.