फ्लॅट न घेता काम भागतं का? जांबोटीच्या फोटोवरून पेटलेली चर्चा

टिळकवाडीकर:
मृगातला तेजोमेघ, शनिवारी रात्री जांबोटीच्या पुढच्या माळावरून. ८० मिमीची दुर्बीण, १२० सेकंदांचे ९० फोटो, म्हणजे ३ तास. फ्लॅट, म्हणजे कोपऱ्यांचा अंधार नि धुळीचे डाग काढायला दुर्बिणीच्या तोंडावर सारखा पांढरा उजेड ठेवून घेतलेला कोरा फोटो, एकही घेतला नाही. ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडातला चढउतार) काढणारं सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये कोपरे साफ करतं. पहाटे दवात कुडकुडत दुर्बिणीच्या तोंडाला पांढरं कापड बांधायचे दिवस संपले. नवीन पोरांना फ्लॅटच्या नावानं घाबरवणं आता थांबवा.

खानापूरकर:
फोटो चांगला आहे, तारे गोल आलेत. पण शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. पोरं हे वाचून फ्लॅट सोडतील आणि वर्षभरानं रडतील.

ग्रेडियंट वजाबाकीनं जातो, कोपऱ्यांचा अंधार भागाकारानं. समज, मध्यभागी आकाशाचा उजेड १००० आणि तेजोमेघाचा प्रकाश १००. कोपऱ्यात दुर्बीण ७० टक्केच प्रकाश पोचवते, तर तिथं आकाश ७०० आणि तेजोमेघ ७०. तुझं सॉफ्टवेअर ७०० वजा करतं. पार्श्वभूमी सपाट दिसते, तू खूश. तेजोमेघ मात्र ७०च राहिला की! फ्लॅटनं ०.७ नं भागलं असतंस तर १००० आणि १०० परत मिळाले असते, मग खुशाल वजाबाकी कर. क्रम उलटा करता येत नाही.

शिवाय तुझ्या फोटोत उजवीकडे वर, मृगाच्या तलवारीच्या बाहेर, एक फिकट मेदूवडा दिसतोय. ती धुळीची सावली. ती कुठल्या क्लिकनं जाणार?

टिळकवाडीकर:
काका, कोपऱ्यात तेजोमेघ आहेच कुठं? मी कोपरे कापूनच टाकतो. आणि पुस्तकातलं मला सांगू नका. गेल्या हिवाळ्यात देवयानी दीर्घिकेला रीतसर २५ फ्लॅट घेतले होते. लावल्यावर कोपरे मध्यापेक्षा उजळ झाले! दोन रात्री वाया. त्या दिवसापासून फ्लॅट बंद.

खानापूरकर:
लाइटमधून, म्हणजे आकाशाच्या मूळ फोटोतून, डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाचा फोटो) किंवा बायस (झाकण लावून क्षणभराचा फोटो) वजा केला होतास का? नसशील, तर तेच कारण. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलवर एक ठरावीक आकडा आधीच टाकून ठेवतो. तो न काढता भागलं की कोपऱ्यात तोही फुगतो, म्हणून कोपरे उजळले. उलट, फ्लॅटमधला बायस काढला नाही तर कोपरे काळेच राहतात. दोष फ्लॅटचा नव्हता.

निपाणीकर:
माझंही एक ऐका. तंबाखूच्या वखारीला लागून घर. ती बारीक पूड कुठं शिरत नाही? कॅमेऱ्याच्या काचेवर कायम. मी फ्लॅट घेतले, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. मध्ये कॅमेरा काढून परत बसवला होता, किंचित फिरून बसला. प्रत्येक डाग जोडीनं आला, एक काळा, शेजारी एक पांढरा. फ्लॅट नसते तर निदान एकच डाग असता. म्हणून सांगतो, कॅमेरा दुर्बिणीवरून उतरवायच्या आधी, फोकसला हात न लावता फ्लॅट घ्या. नाहीतर घेऊच नका.

ट्रेसिंग पॅडनं (चित्र गिरवायच्या एलईडी पाटीनं) घेणाऱ्यांनो, वर साधे कागद टाकून उजेड कमी करा आणि एक्सपोजर सेकंदभराचं ठेवा. १/२०० ला घेतलेत तर एलईडीच्या लुकलुकण्यानं आडवे पट्टे येतात.

येळ्ळूरकर:
फ्लॅटचं काय घेऊन बसलाय? आमच्या चौकात हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) लागला त्याचं बोला! बेळगाव शहर आमच्या उत्तरेला, म्हणून दक्षिणेचं आकाश तेवढं शिल्लक होतं. ओमेगा सेंटॉरी (ताऱ्यांचा गोल गुच्छ) आपल्याकडून कशीबशी २६-२७ अंश वर येते. एप्रिलमध्ये मी ती गच्चीवरून घ्यायचो. आता तिथंच तो पांढरा गोळा. सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा फिल्टर निम्मं काम करायचा. हा एलईडी सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर अडवणार काय? तिरका उजेड नळीत शिरतो तो वेगळाच, तो फ्लॅटनंही जात नाही. रात्री दहानंतर बंद करा म्हणून तीनदा सांगितलं. कुणाला पडलेलं नाही.

कणकुंबीची:
काय बोलालाय तुम्ही? दिवे बंद करा? आमच्या वाडीत या एकदा. भीमगडचं जंगल शेजारी, भातात गवे उतरतात. माझ्या चुलत्यांवर अस्वलानं झडप घातली, घरापासून पन्नास पावलांवर, अंधारात. मांडीला अजून व्रण आहे. दिवा लागला तेव्हा आई पहिल्यांदा रात्री एकटी गोठ्यात गेली. तुमच्या फोटोसाठी आम्ही अंधारात राहायचं?

येळ्ळूरकर:
ताई, येळ्ळूरच्या चौकात अस्वल येत नाही. भलतीकडे नेऊ नका.

कणकुंबीची:
भलतीकडे कुणी नेलं? चर्चा फ्लॅटची होती, दिव्याचं तुम्हीच काढलंत. आणि मीही फोटो काढते. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ माझ्या अंगणातून घेतलीय, दिवा असून. दिव्यावर पत्र्याची टोपी ठोकून घेतली, उजेड खाली वाटेवर पडतो, वर जात नाही. दिवा नको म्हणाल तर गाव तुमच्याविरुद्ध जाईल. टोपी मागितलीत तर निदान ऐकून घेतील.

येळ्ळूरकर:
हायमास्टला टोपी बसत नाही हो. पण त्याचे दिवे जमिनीकडे वळवता येतात, हे मान्य. मागणी तशी लिहायला हवी होती. मी "बंद करा" लिहिलं आणि सगळे अंगावर आले.

निपाणीकर:
कृत्तिकांचं निघालंच तर, ताई, तो फोटो फ्लॅटशिवाय का?

कणकुंबीची:
छे. ती धूळ इतकी फिकट की फ्लॅट नसता तर सॉफ्टवेअरनं तिलाच ग्रेडियंट समजून पुसलं असतं. पहाटे आकाश उजळायला लागलं की आईचं जुनं पांढरं सुती पातळ दुहेरी करून नळीच्या तोंडावर ताणते, रबर लावते, चुणी राहू देत नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्याच्या जरा अलीकडे ठेवून ३० फ्लॅट. चहाला आधण येईपर्यंत होतात.

खानापूरकर:
टिळकवाडीकर, हे वाचलंस का?

टिळकवाडीकर:
वाचलं. देवयानीच्या फायली परत उघडल्या. बायस खरंच वजा केला नव्हता. आता केल्यावर कोपरे बसले, आणि बाहेरचा लंबगोल फिकट भाग पहिल्यांदा दिसला. एवढं मानतो. पण मध्यभागी मावणाऱ्या छोट्या तेजोमेघाला फ्लॅट लागतोच, हे अजून पटलेलं नाही.

खानापूरकर:
मग तो मेदूवडा?

टिळकवाडीकर:
येत्या अमावास्येला त्याच माळावर जातोय. पातळ घेऊन.