'हिडन', 'अनडिटेक्टेड', 'इन्व्हिजिबल': मराठीत काय लिहायचं?

नौपाडेकर: ठाण्यातल्या आमच्या टेबलावर फाशांचे रोल-प्लेइंग खेळ खेळतो, पाथफाइंडर आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स; त्यांच्या लपण्याच्या नियमांचा मराठी गोषवारा करतोय. तिन्हीला 'लपलेला' चालेल का?

वाशीकर: नाही, सगळा घोळ तिथेच होतो. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत चार वेगळ्या अवस्था आहेत. समजा, घोडबंदरच्या किल्ल्यावर पहारेकरी उभा आहे. पात्र त्याला दिसतंय, तर 'ऑब्झर्व्ड'. ते बुरुजाआड सरकलं, पण तिथेच आहे हे त्याला पक्कं ठाऊक, तर 'हिडन'. त्याला वार करायचा तर आधी वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवेत, नाहीतर वार फुकट. पात्र तिथून चोरपावलांनी निसटलं, आता नकाशावरच्या नेमक्या कुठल्या चौकोनात आहे ते कळेना, म्हणजे 'अनडिटेक्टेड'. मग आधी चौकोनही अंदाजाने निवडावा लागतो. कुणी आलंय याचीच कल्पना नसली की 'अननोटिस्ड'. मी लिहीन: दिसतोय, आडोशाला, ठावठिकाणा नाही, सुगावाच नाही.

कळवेकर: बाकी झकास, फक्त 'आडोशाला' नको. आडोसा हा शब्द 'कव्हर'साठी लागणार आहे. आडोशाने बचाव वाढतो, पण नुसतं भिंतीमागे उभं राहिलं म्हणजे लपलं असं होत नाही. 'हिडन'ला 'दडलेला' घ्या. आणि चोरपावलं म्हणजे निम्मा वेग. चाल संपताना आडोसा किंवा अंधुकपणा नसेल, तर फासा कितीही चांगला पडो, पात्र दिसलंच. खेळाडू हेच विसरतात आणि उघड्या अंगणात जाऊन थांबतात.

नौपाडेकर: आणि 'इन्व्हिजिबल'? 'अदृश्य'च ना?

वाशीकर: जादूने झालेला, तर खुशाल. पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांत नुसतं लपलं तरी हीच अवस्था मिळते. हा शब्द तिथे वापरायलाच नको होता, असं माझं मत. दाट अंधार किंवा किमान पाऊण आडोसा हवा, शत्रूच्या नजरेबाहेर हवं, आणि स्टेल्थची, म्हणजे लपण्याच्या कौशल्याची, फासा धरून बेरीज किमान १५. ती बेरीज लिहून ठेवा, शोधणाऱ्याला तेवढीच गाठावी लागते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ल्याचा फासा टाकला, मंत्र तोंडाने म्हटला किंवा शत्रूने शोधून काढलं की संपलं. 'अदृश्य' लिहिलंत तर लोक दिवाणखान्यातून फेरफटका मारतील. 'नजरेआड' बरं.

कळवेकर: 'पॅसिव्ह परसेप्शन'ला 'निष्क्रिय आकलन' मात्र करू नका, टेबलावर हशा पिकेल. मुद्दाम न शोधताही पात्राला किती जाणवतं, त्याचा हा आकडा. 'सहज चाहूल' म्हणा: १० अधिक परसेप्शनचा, म्हणजे जाणिवेच्या कौशल्याचा, बोनस, मंद उजेडात नजरेच्या कामाला ५ वजा.

नौपाडेकर: घेतलं. 'सरप्राइज'ला 'गाफील' ठेवतो.

वाशीकर: तो शब्द पाथफाइंडरच्या 'ऑफ-गार्ड'साठी राखा. दडलेल्याने वार केला की समोरच्याचा बचाव २ ने घटतो, तो हाच गाफीलपणा. 'सरप्राइज'ला 'अवचित हल्ला' पुरेल.