बारा दिवसांची गरिबी, विमानाने

पूर्वभाग_सोलापूर:
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय. मुलगी आपल्याच गावची, होटगी रोडची. "नेपाळमध्ये बारा दिवस विटा वाहिल्या. गरिबी आणि घर म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं." खर्च ऐंशी हजार, तोही तिनंच लिहिलाय. खाली हात जोडलेल्यांची रांग. मी नाही जोडणार.

बाई, अशोक चौकात उतरून कुठल्याही गल्लीत शिरली असतीस तर फुकटात कळलं असतं. आमची अम्मा चाळीस वर्षं विड्या वळतेय. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. विडी कारखान्याच्या ब्रँचला नेल्यावर छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, तर ते पान-तंबाखू, ती मेहनत सगळं पाण्यात. एकदा कुठल्याशा संस्थेची पोरं "अभ्यासाला" आली. एकानं अम्माला सांगितलं, कॅमेऱ्याकडे नको, हाताकडं बघा. दोन तास बिचारी हाताकडं बघत बसली. त्या दिवशी हजार विड्या काही भरल्या नाहीत. फोटो आजवर आम्हाला दिसला नाही.

सातरस्ता:
पोरगी काही चांगलं करतेय तर पोटात का दुखतं? डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला निघाले तेव्हाही तुमच्यासारखा कुणी म्हणाला असेल, सोलापुरात पेशंट नाहीत का?

पूर्वभाग_सोलापूर:
ते डॉक्टर होते ओ! चार वर्षं राबले, १९४२ ला तिथंच गेले. हिला वीट तरी नीट लावता येते का?

किल्लारी_९३:
आम्ही कॉलेजची पोरं भूकंपानंतर ट्रकभर भाकऱ्या घेऊन गेलो होतो. खरं सांगू? अडचणच केली. सगळीकडून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले, त्यातून वाट काढत फिरत होतो. पण पुढं पुनर्वसनात बघितलं ते विसरलो नाही. जमिनीवरून घर ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. दगडमातीच्या भिंती सगळ्यांवर सारख्याच पडल्या होत्या.

लालबावटा:
घराचं शिकायचं तर कुंभारीला जा. २००६ ला गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं विडी कामगारांना मिळाली. आता रे नगर, ३० हजार घरांचं. आमचे माकपचे नेते आडम मास्तर, त्यांनी आयुष्य घातलंय त्यात.

सोलापूरचा_पोट्टा:
१९ जानेवारी २०२४ ला १५ हजार घरं कुणाच्या हस्ते दिली, ते पण लिही की. योजना कुणाची? पीएम आवास.

लालबावटा:
फीत कापायला पाच मिनिटं लागतात. मोर्चे किती वर्षं निघाले ते विचार.

सोलापूरचा_पोट्टा:
मोर्च्यानं स्लॅब पडत नाही बे, त्याला पैसा लागतो.

लालबावटा:
लाभार्थ्याच्या हिश्श्याचे पैसे कुणी भरले? माझ्या काकूनं. गळ्यातलं ठेवून.

कुंभारीवाली_अक्का:
तुमचं श्रेय दोघं वाटून घ्या. मी राहते तिथं. घर चांगलं आहे, नाव ठेवणार नाही. पण काम शहरात राहिलं आणि आम्ही इकडं. संध्याकाळी शेवटची बस चुकली की रिक्षावाला तोंडाला येईल ते मागतो. त्यावर बोला.

(दोघंही बोलले नाहीत.)

होटगीरोडची_तीच:
पोस्ट माझी. "पहिल्यांदा कळलं" हे लिहायला नको होतं, मान्य. पण तिथं नुसते सेल्फी नाही काढले. २०१५ च्या भूकंपानंतर सरकारनं घरामागं ३ लाख नेपाळी रुपये दिले, तेही हप्त्यांनी. पाया इंजिनिअरनं पास केला तरच पुढचा हप्ता. ज्या आजींकडे राहिले त्यांचा मुलगा कतारला, पाया खणायला घरात माणूसच नाही. मग उसनवारी करून मजूर लावले. सोलापुरात वीस वर्षं वाढले, अशोक चौकाच्या पलीकडं मला कुणी नेलं नाही. घरच्यांनी तर "तिकडं काय काम?" म्हणून अडवलंच. नेपाळला मात्र हौसेनं पाठवलं.

सातरस्ता:
बघा! आता बोला.

पूर्वभाग_सोलापूर:
तुम्ही गप्प बसा हो. ताई, हप्त्यांचं लिहिलंस ते पोस्टमध्ये का नव्हतं? तिथं नुसता डोंगर आणि तू. हप्त्याचं आधी लिहिलं असतंस तर मी एवढा तापलो नसतो. थोडा तापलो असतो.

होटगीरोडची_तीच:
रविवारी येऊ का तुमच्याकडं? अम्मांना चालेल?

पूर्वभाग_सोलापूर:
रविवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, घरात कुणी जागेवर नसतं. सोमवारी ये. मोबाइल पिशवीत ठेवायचा. आणि अम्मा पान कापायला बसवेल, आधीच सांगून ठेवतो.