मदत हवी आहे: बायकोच्या नागरिकत्वाचा अर्ज नेमका कोणत्या कलमाखाली भरायचा?

कर्वेरोडकर:
बायकोला भारतीय नागरिकत्व घ्यायचं आहे. लग्नाला 7 वर्षं कधीच उलटून गेली. एक एजंट म्हणतो 12 वर्षं लागतात, दुसरा म्हणतो 7. पोर्टल उघडलं की आधी कलम निवडायला सांगतं, आणि तिथेच सगळं अडलंय. दोन पेपरांत जाहीर नोटीस देऊन झाली, मराठी येत असल्याचे दोन दाखलेही घेतले. पुढच्या आठवड्यात फाईल द्यायची आहे. कोणतं कलम ते कृपया सरळ सांगा. "ओसीआय (परदेशी नागरिकाला आयुष्यभर भारतात राहू देणारं कार्ड) पुरे आहे" हे उत्तर नको, ते ऐकून कंटाळलोय.

मुळाकाठ:
पासपोर्ट कोणत्या देशाचा? त्या इथे व्हिसावर राहतात की ओसीआय कार्डावर? गेल्या 12 महिन्यांत देशाबाहेर गेल्या होत्या का? एवढं कळल्याशिवाय कलम सांगता येणार नाही. आणि एक गैरसमज आत्ताच दूर करा. ती 7 वर्षं लग्नाची नाहीत, भारतात राहिल्याची आहेत.

भिडेपूल:
आता जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची गरजच नाही. 2024 च्या नव्या नियमांनुसार अर्ज टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या समितीकडे जातो. पोस्टात चौकशी करा.

मुळाकाठ:
@भिडेपूल, कृपया असं सांगू नका, माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहील. 11 मार्च 2024 चे ते नियम पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्जदारांसाठीच आहेत. बाकी सगळ्यांना 2009 चेच नियम लागू. ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत आणि कागद राहत्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे. तिथून राज्याचा गृह विभाग आणि मग दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय.

कर्वेरोडकर:
ब्रिटिश पासपोर्ट आहे. जानेवारी 2017 पासून पुण्यात. ओसीआय आहे. आता कलम सांगा.

सदाशिव_30:
ओसीआय कधीचं? तारीख महत्त्वाची आहे.

पर्वतीपायथा:
ओसीआय असताना नागरिकत्व कशाला? आयुष्यभराचा व्हिसा आहे, परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, बँक खातं, फ्लॅट सगळं चालतं. तिकडचा पासपोर्ट एकदा गेला की गेला.

सदाशिव_30:
@पर्वतीपायथा, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये हे नको म्हटलंय. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, सरकारी नोकरी सहसा मिळत नाही. शिवाय लग्नामुळे मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाला की रद्द होतं. ज्याला इथलंच व्हायचं आहे त्याला ओसीआय पुरत नाही.

कर्वेरोडकर:
ओसीआय ऑगस्ट 2019 चं. ह्या फेब्रुवारीत ती 19 दिवस इंग्लंडला गेली होती, वडिलांचं ऑपरेशन होतं. त्याआधी 2020 मध्ये सात महिने विमानं बंद असल्यामुळे तिकडेच अडकली. 2023 मध्ये 40 दिवस. बाकी सगळा काळ पुण्यातच.

मुळाकाठ:
हे आधी सांगितलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. एजंटाची 12 वर्षं म्हणजे कलम 6, नॅचरलायझेशन, म्हणजे दीर्घ वास्तव्यावरून मिळणारं नागरिकत्व. त्यात अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्यामागच्या 14 वर्षांत एकूण 11 वर्षं भारतात काढलेली लागतात. भाषेचे दाखले आणि पेपरातली नोटीस त्याच कलमासाठी. तुमचं प्रकरण तिथलं नाहीच. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठी 5(1)(सी) आहे, म्हणजे नोंदणीने नागरिकत्व. अर्जाआधीचे 12 महिने सलग आणि त्यामागच्या 8 वर्षांत मिळून किमान 6 वर्षं. 2017 पासून धरून त्यांचे देशाबाहेरचे साडेआठ-नऊ महिने वजा केले तरी ही अट सहज बसते.

सदाशिव_30:
मी सी सुचवणार नाही. ओसीआय कार्डधारक म्हणून नोंदणीला 5 वर्षं झालेली असतील तर 5(1)(जी) उघडतं, आणि तिथे फक्त शेवटचे 12 महिने भारतात राहिल्याचं दाखवायचं. त्यांची 5 वर्षं ऑगस्ट 2024 मध्येच भरली. सी घेतलं तर नऊ वर्षांचा प्रत्येक शिक्का मोजत बसा. शिवाय सी च्या कागदांच्या यादीत निवास परवाना असतो, आणि ओसीआयवाल्यांकडे तो नसतोच, कारण त्यांना तो काढावा लागत नाही.

मुळाकाठ:
जी सोपं आहे, मान्य. पण सी मध्ये विवाह नोंदणीचा दाखला आणि नवऱ्याचा भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला एवढ्यावर पाया पक्का होतो.

सदाशिव_30:
पाया पक्का, पण मोजणी लांब. नवा पासपोर्ट काढल्यावर जुना जपून ठेवला नसेल तर 2020 चे शिक्के कुठून आणणार? जी मध्ये जपायचं ते एकच: ओसीआय पुस्तिका मधे नव्याने छापून घेतली असेल तर नव्या पुस्तिकेवरच्या तारखेवर जाऊ नका. पहिल्या नोंदणीचा कागद सोबत जोडा, नाहीतर 5 वर्षं भरलीच नाहीत असं वाटून त्रुटी लागते.

कर्वेरोडकर:
म्हणजे नोटिशीचे पैसे पाण्यात. ठीक. जी भरतो. पुढच्या आठवड्यात देऊ ना?

मुळाकाठ:
नाही. फेब्रुवारीतले 19 दिवस सी मध्येही आडवे येतात आणि जी मध्येही, कारण 12 महिन्यांची अट दोन्हीकडे आहे. मार्ग दोन. परतल्याच्या तारखेपासून पूर्ण 12 महिने भरू द्या आणि मग अर्ज करा. किंवा 5(1ए) खाली सूट मागा. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार जास्तीत जास्त 30 दिवस माफ करू शकतं, ते तुकड्यांत असले तरी चालतात. 19 त्यात बसतात. वेगळा विनंतीअर्ज लिहा, त्यात जाण्याची आणि येण्याची तारीख, कारण, आणि सासऱ्यांच्या रुग्णालयाचे कागद जोडा. मात्र सूट हा हक्क नाही, ती द्यायची की नाही हे दिल्ली ठरवते. घाई नसेल तर थांबलेलं बरं.

भिडेपूल:
नागरिक झाल्यावर पुरंदरला शेतजमीन त्यांच्या नावावर घेता येईल का?

सदाशिव_30:
नागरिकत्वाने ते दार आपोआप उघडत नाही. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

कर्वेरोडकर:
ठीक, थांबतो. तोवर वेळ वाया जाऊ नये म्हणून ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा फॉर्म भरून ठेवलाय. सोमवारी पाठवतो.

मुळाकाठ:
अजिबात पाठवू नका! आत्ता फक्त सोडण्याची हमी द्यायची असते. भारताकडून अर्ज मान्य झाल्याचं पत्र आल्यावरच प्रत्यक्ष सोडायचं, त्याचा दाखला द्यायचा आणि मग नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. ब्रिटिश कायद्यात एक आधार आहे: त्याग नोंदल्यापासून 6 महिन्यांत दुसरं नागरिकत्व मिळालं नाही तर ती व्यक्ती ब्रिटिशच राहिली असं धरतात. पण इथली फाईल 6 महिन्यांत हलेल ह्या भरवशावर कोणी राहू नये. जिल्हाधिकाऱ्यांना 60 दिवस आणि राज्याला 30 दिवसांची मुदत नियमातच आहे, दिल्लीचा वेळ त्यापुढे. मधल्या काळात त्यांच्याकडे चालू पासपोर्ट उरणार नाही, आणि ओसीआयला पासपोर्टचाच आधार असतो.

कर्वेरोडकर:
बरं झालं विचारलं. फॉर्म कपाटात ठेवतो. आणखी काही?

सदाशिव_30:
नाव. ब्रिटिश पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि विवाह दाखल्यावर सासरचं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्न इंग्लंडमध्ये झालं असेल तर तिथला दाखला अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरण्यासाठी तिथल्या सरकारची मोहोर) करून आणा. घर भाड्याचं असेल तर नोंदणीकृत करारनामा लागेल, नोटरीचा पुरेसा धरत नाहीत. पोलीस तपासणीच्या वेळी पत्ता जुळला पाहिजे, म्हणून मधे घर बदलू नका. वाकडला गेलात तर जिल्हा पुणेच राहतो, पण पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं लागतं, ते 2018 पासून वेगळं आहे.

कर्वेरोडकर:
करार नोटरीचाच आहे. उद्या नोंदणी करतो.