तोड्याच्या बंदुकीने धनुष्याला मागे कसे टाकले?

प्रश्न
कसलेला तिरंदाज एका मिनिटात दहाच्या आसपास बाण सोडू शके, तर तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवणाऱ्या, बंदुकीतून तेवढ्या वेळात एखाद-दुसरीच गोळी सुटे. पावसात तोडा विझे, रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) भिजे आणि लांबवरच्या एकट्या माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. तरीही सोळाव्या शतकात युरोपातील सैन्ये बंदुकीकडे वळली. ‘बंदूक शिकायला सोपी’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते, कारण तिरंदाजीची जुनी परंपरा असलेल्या इंग्लंडनेही १५९५ मध्ये आपल्या प्रशिक्षित नागरी पथकांतून धनुष्य काढून टाकले.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. येथे वेगापेक्षा ऊर्जेचा हिशेब अधिक बोलका ठरतो. साठ ग्रॅमचा बाण सेकंदाला ५५ मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९० ज्यूल भरते. तीस ग्रॅमची शिशाची गोळी ४५० मीटर वेगाने सुटली, तर तीच ऊर्जा ३,००० ज्यूलच्या घरात जाते. बाणाचे धारदार पाते मांस कापत जाते, त्यामुळे उघड्या अंगावर ही तफावत आकड्यांइतकी जाणवत नाही. परंतु चांगल्या पोलादी चिलखतावर बाण बहुधा घसरतो किंवा मोडतो, आणि जड बंदुकीची गोळी जवळून ते फोडते. नेमाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे: ठासता यावी म्हणून गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवत, ती आत आपटत बाहेर पडे आणि तिला लागलेली फिरकी दर वेळी वेगळी असे.

प्रतिसाद २
यात तिरंदाजाच्या शरीराचाही विचार करावा लागेल. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये सापडली आणि त्यांतील बहुतेकांचा ताण ४५ ते ८० किलोंच्या दरम्यान असावा, असा अंदाज आहे. असे धनुष्य पूर्ण खेचणारा खांदा लहानपणापासूनच्या सरावानेच घडतो. मोहिमेत उपासमार झाली, ताप आला, की तोच तिरंदाज दुबळा बाण सोडू लागतो. बंदुकीतली दारू मात्र शिपाई जेवला आहे की नाही हे पाहत नाही. म्हणूनच ‘शिकायला सोपी’ हे उत्तर चुकीचे नसले तरी अर्धेच आहे, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग चिलखते मागे पडल्यावर धनुष्य परत का आले नाही?

प्रतिसाद २
तसा विचार खरोखरच झाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ मध्ये, तिथले नेते बेंजामिन फ्रँकलिन यांनी सेनापती चार्ल्स ली यांना लिहिलेल्या पत्रात धनुष्यबाण वापरण्याची सूचना केली होती. एक गोळी सुटेपर्यंत चार बाण सुटतात आणि धुराने समोरचे दिसेनासे होत नाही, ही त्यांची कारणे आजही पटण्याजोगी आहेत. मात्र तोपर्यंत जड धनुष्य खेचणाऱ्यांची पिढी उरली नव्हती, आणि ती नव्याने घडवायला लागणारी दहा-पंधरा वर्षे कोणत्याही चालू युद्धात मिळणे शक्य नव्हते.