एमआरआयवर महाधमनीचा ताठरपणा: कोणतं माप भरवशाचं?

दीड_टेस्ला: मशीन 1.5 टेस्ला, माणशी 20 मिनिटं, सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. 15 जणांचं स्कॅन-रिस्कॅन करायचंय, माप पुन्हा तेच येतं का ते बघायला. डिस्टेन्सिबिलिटी (दाबागणिक धमनीचा छेद किती फुगतो) घेऊ की पीडब्ल्यूव्ही (नाडीची लहर धमनीतून किती वेगाने जाते)?

फेजवाला: डोळे झाकून पीडब्ल्यूव्ही. फुप्फुसधमनी दुभंगते त्या पातळीवर एकच आडवा छेद, चढती-उतरती महाधमनी दोन्ही त्यात येतात. व्हेंक (मोजता येणारा कमाल रक्तवेग) 150 सेमी/से, एलियासिंग (त्याहून जास्त वेग उलटा दिसणं) दिसलं तर वाढवा. कमानीची लांबी तिरप्या सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या) छेदावर मध्यरेषेने मोजा.

हिशेबी: फ्रेम किती मिलिसेकंदांची, ते आधी सांगा. कमान 120 मिमी, वेग 5 मी/से, म्हणजे लहर 24 मिलिसेकंदांत पोचते. 30 ची फ्रेम घेऊन काय मोजणार, कप्पाळ? 10 च्या आत आणा. ताठर धमनीत वेग 10 झाला की हातात 12च उरतात.

चारमिती: सरळ 4डी फ्लो (तिन्ही दिशांचा रक्तप्रवाह, वेळेसह) करा. 3 टेस्लावर काय सुरेख येतं!

दीड_टेस्ला: वर 1.5 आणि 20 मिनिटं लिहिलंय हो.

फेजवाला: म्हणूनच म्हणतो, पीडब्ल्यूव्ही. व्हेंक 150.

कफवाली: डिस्टेन्सिबिलिटीला नावं ठेवू नका, घोळ दाबाचा असतो. क्षेत्रफळ 700 वरून 850 चौमिमी, पल्स प्रेशर (वरच्या-खालच्या दाबातला फरक) 40 मिमी पारा: उत्तर 5.4 (×10⁻³ प्रति मिमी पारा). तेच प्रेशर 50 धरलं तर 4.3. धमनी तीच! सिने (धमनीची हलती चित्रमालिका) चालू असतानाच, आतच, एमआरआयला चालणाऱ्या कफने (दंडावरच्या पट्ट्याने) दाब घ्या. बाहेर खुर्चीवर घेतलेला चालणार नाही. शिवाय तरुणांत दंडावरचं पल्स प्रेशर महाधमनीतल्यापेक्षा जास्त भरतं.

हिशेबी: आणि बाह्यरेषा? व्यास 30 ऐवजी 31 मिमी काढलात की 48 चौमिमी वाढले. तुमच्या 700 ते 850 मधल्या 150 चा जवळजवळ तिसरा हिस्सा.

चारमिती: आयसीसी (दोन वेळची मापं किती जुळतात त्याचा आकडा) 0.9 आला की झालं, एवढा कीस कशाला?

हिशेबी: 25 ते 75 वयाची माणसं एकत्र घ्या, आयसीसी आपोआप फुगतो. ब्लँड-ऑल्टमन (दोन मापांतल्या फरकांचा आलेख) काढा. आणि रिस्कॅन म्हणजे माणूस टेबलावरून उतरवायचा, पुन्हा झोपवायचा, छेद नव्याने आखायचा. पडल्यापडल्या दुसरी सिने घेतली तर ती परीक्षा सोपी करून घेतल्यासारखी.

दीड_टेस्ला: ठरलं. उतरतीची डिस्टेन्सिबिलिटी, कफ आत, मधे माणूस उठवून. चढती नको: ती सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचताना) हृदयाबरोबर खाली सरकते, छेद मात्र जागचा हलत नाही, मग दोन फ्रेममध्ये धमनीचे दोन वेगळे तुकडे येतात.

फेजवाला: चुकताय. निदान एक फेज (रक्ताचा वेग मोजणारं स्कॅन) काढून ठेवा, व्हेंक 150.

हिशेबी: उतरती लहान असते. तिथे 1 मिमी आणखी महाग पडेल.